जेवायला काय होतं?

दातीरबाईंवर काहीतरी लिहा, असं मला आजवर बऱ्याच जणांनी सुचवलं. आमच्या निवृत्तांच्या मंडळाचा एक अंक निघतो, त्याचे संपादक तर दर वर्षी फोन करतात. "लिमये, तुमच्याइतकं त्यांच्याजवळ राहून कोणी काम केलेलं नाही." मी दर वेळी काहीतरी कारण सांगतो. मोतीबिंदू झालाय, मुलीकडे जायचंय, आता नीटसं आठवत नाही. यातलं शेवटचं साफ खोटं. आठवतं सगळं. एके काळी बाईंचे किस्से सांगण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, बसथांब्यावरसुद्धा मी ते सांगत असे आणि लोक पुन्हा सांगायला लावत. मग एका बुधवारी ते बंद केले. ते का, हे सांगितल्याशिवाय बाईंवर लिहिता येत नाही, आणि तेच सांगायचं नव्हतं म्हणून इतकी वर्षं गेली.

शैलजा दातीर आमच्याकडे उपजिल्हाधिकारी होत्या आणि मी त्यांचा लघुलेखक. उंची बेताची, सुती साडी, पायात पुरुषी वाटाव्यात अशा जाड चपला. विश्रांतवाडीला राहायच्या आणि तिथून ऑफिसला स्कूटरवर यायच्या. सरकारी जीप मिळत असूनही. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "जीपला ड्रायव्हर असतो आणि ड्रायव्हरला तोंड असतं." हे ऐकून आमचा ड्रायव्हर महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. बाईंना ते सोयीचंच झालं.

सरकारने एक चौकशी लावली होती. शहराच्या कडेच्या काही गावांत पूर्वी झालेल्या निवडणुकांत मतदारांना धाकदपटशा करून बाजूला ठेवलं गेलं आणि त्यांच्या नावावर दुसऱ्यांनीच मतं टाकली, अशी तक्रार होती. तक्रार जुनी होती, निवडणुका त्याहून जुन्या. त्यातलं एक गाव बाईंकडे आलं. वारज्याच्या पुढे, खडकवासल्याच्या बाजूला. आता ते पुण्यातच आहे, तिथे दहा-दहा मजली इमारती आहेत, म्हणून नाव देत नाही. तेव्हा तिथे एक दगडाची खाण होती आणि खाणीवर काम करणाऱ्यांची वस्ती. बहुतेक माणसं मराठवाड्यातली. खाणीचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, तेच गावचे पुढारी. ज्या ग्रामपंचायत निवडणुकीची चौकशी होती ती त्यांनीच जिंकलेली होती, आणि जिंकली होती ती या वस्तीच्या मतांवर. यादी सांगत होती की वस्तीतल्या झाडून सगळ्या माणसांनी मतदान केलं. तक्रार सांगत होती की त्या दिवशी वस्तीतलं एकही माणूस केंद्रावर गेलं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा अण्णांचा माणूस आमच्याआधी तिथे खुर्ची घेऊन उभा होता. हातांची, गादी घातलेली. लिंबाच्या सावलीत ठेवलेली. बाईंनी स्कूटरच्या हुकाला अडकवलेली पिशवी काढली. तिच्यातून घडीचं स्टूल काढलं, कॅनव्हासचं, मासेमारी करणारे घेऊन बसतात तसलं, आणि ते उन्हात उघडून त्यावर बसल्या.

"बाई, खुर्ची ठेवलीय की," तो म्हणाला.

"दिसली."

"अण्णांनी मुद्दाम धाडलीय."

"म्हणूनच. अण्णांना सांगा, छान आहे."

पुढचे दोन महिने ती खुर्ची रोज येत होती आणि रोज रिकामी परत जात होती. मी मात्र पहिल्या दिवशी तिच्याकडे बघत होतो हे बाईंच्या नजरेतून सुटलं नाही. परतताना म्हणाल्या, "लिमये, तुम्हाला उभं राहवत नसेल तर एक स्टूल विकत घ्या. खुर्चीवर बसलात की वस्तीला वाटेल आपण त्यांच्याकडून आलोय. मग कोण बोलणार?" मी घेतलं तसलंच एक. अजून माळ्यावर आहे.

चौकशीला निघाल्या की बाई कुणाच्या घरचं पाणीदेखील प्यायच्या नाहीत. पाण्याची बाटली आणि भडंगाचा डबा पिशवीत असे. चहाचा आग्रह झाला तर म्हणायच्या, "निकाल लागल्यावर येते." लोकांना राग यायचा. मलाही वाटायचं, गरिबाच्या चहाला नाही म्हणू नये. एकदा तसं बोललो. त्या म्हणाल्या, "आज त्यांचा घेतला तर उद्या अण्णांचा कोणत्या तोंडाने नाकारू?"

आता त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल. मी तोवर डझनभर चौकशी अधिकाऱ्यांबरोबर काम केलं होतं. ते सरळ विचारायचे: तुम्ही मतदान केलंत का, तुम्हाला कोणी धमकावलं का. समोरचा माणूस सरळ म्हणायचा, केलं, नाही धमकावलं. कागद पुरा व्हायचा. बाई यातलं काहीच विचारत नसत. नाव, गाव, पोरंबाळं, पाऊसपाणी. मग अगदी शेजारणीशी बोलावं तसं: "मतदानाच्या दिवशी जेवायला काय होतं हो तुमच्याकडे?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी पेन्सिल थांबली. इतक्या वर्षांमागचं जेवण कोणाला आठवणार? स्कूटरपाशी आल्यावर मी ते विचारलंच.

"तुमच्या लग्नाच्या दिवशी पहिला घास कशाचा घेतलात, आठवतं?"

"हो."

"भ्यायलेल्या दिवसाचंही तसंच आठवतं. मत कुणाला दिलं हे पढवता येतं, लिमये. भाजी कसली होती हे पढवायचं कोणाच्या डोक्यात येत नाही."

आणि खरोखरच तसं घडू लागलं. ज्यांना अण्णांच्या माणसांनी तयार करून पाठवलं होतं ते या प्रश्नाला अडखळायचे. एक मुकादम तर छाती पुढे काढून सांगत होता की सकाळी आंघोळ करून मी सहकुटुंब मत टाकून आलो.

"मग घरी येऊन जेवलात?"

"व्हय तर."

"काय होतं?"

"काय म्हंजी? नेहमीचंच."

"नेहमीचंच म्हणजे?"

"आता काय बाई, आमच्याकडं काय ऱ्हातंय... नेहमीचंच."

बाईंनी मान हलवली, आभार मानले आणि मला म्हणाल्या, "लिहून घ्या. नेहमीचंच." स्कूटर सुरू करता करता पुढे म्हणाल्या, "जो नेहमीचंच म्हणतो ना, तो तिथे नव्हता."

ते वाक्य मी पुढे किती ठिकाणी वापरलं असेल. ऑफिसात उशिरा येणाऱ्यांना आम्ही विचारायचो, काय हो, काल रात्री जेवायला काय होतं? आणि हसायचो.

माझ्या लिहिण्यावरही त्यांचं लक्ष असे. मला सवय होती 'सदर इसमाने असे कथन केले की' अशी सुरुवात करायची. पहिलाच जबाब वाचून त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला. "हा कोण इसम? मला तर तुकाराम नावाचे गृहस्थ भेटले होते. ते 'हाय' म्हणाले, तुम्ही 'आहे' केलंत. त्यांना हे वाचून दाखवलं तर त्यांना वाटेल दुसऱ्या कुणाचं चाललंय." तेव्हापासून मी माणूस बोलेल तसं उतरवून घेऊ लागलो. मला त्यात गोडी लागली. माणसांची बोलण्याची ढब माझ्या कानात बसू लागली, आणि मी ती घरी आल्यावर बायकोला जशीच्या तशी करून दाखवायचो.

हळूहळू काय घडलं होतं ते जुळत गेलं. मतदानाच्या दिवशी पहाटे खाणीचे ट्रक वस्तीत आले. अण्णांकडून सगळ्यांना जेवण आहे, पोराबाळांसकट चला, असं सांगून माणसं भरली. खडकवासल्याला धरणाच्या काठी झाडीत उतरवलं. मटणाचे टोप चढलेले होते. दुपारी एक माणूस मत द्यायला परत जातो म्हणाला तर त्याला सगळ्यांदेखत मारलं, आणि मग कोणी उठलं नाही. मतदानाची वेळ संपल्यावर ट्रक परत निघाले. हे सगळं आम्हाला तुकड्यातुकड्यांत कळलं. कोणी रस्सा तिखट होता एवढंच म्हणालं, कोणी म्हणालं पोराला जुलाब झाले. सही मात्र कोणी करीना. वस्ती अण्णांच्या जमिनीवर होती. झोपडी त्यांची, काम त्यांचं, पाण्याचा टँकर त्यांचा. सुनावणीत उभं राहून एकाने जरी हे सांगितलं तर अण्णांवर खटला उभा राहणार होता आणि ते पुढच्या निवडणुकीतून बाद होणार होते. आणि सांगणाऱ्याचं काय होणार, हे वस्तीला ठाऊक होतं.

सुनावणीला दोन आठवडे राहिले असताना बाई म्हणाल्या, "चला, ती जागा तरी बघून येऊ."

शुक्रवार होता. धरणाच्या भिंतीपलीकडे कणसं भाजणाऱ्या बायका ओळीने बसतात, त्या तेव्हाही बसत. बाई त्यांच्यातल्या एकीपुढे थांबल्या.

"तुम्ही खाणीवरच्या वस्तीत राहता ना? परवा टाकीपाशी उभ्या होतात. सगळे बोलत होते, तुम्ही नव्हतात बोलत."

ती बाई निखारे फुंकत राहिली. बाईंनी एक कणीस मागितलं, पैसे दिले आणि स्टूल उघडून तिच्याशेजारी बसल्या. दुरून बघणाऱ्याला दोन बायका गप्पा मारताहेत असं वाटलं असतं. मी मागे झाडाखाली, वही मांडीवर. तिचं नाव पंचफुला. वस्तीतलं विदर्भातलं ते एकच घर. नवरा खाणीतल्या अपघातात गेला होता, एक मुलगा होता, तोही खाणीवरच कामाला.

बाईंनी तिला तो प्रश्न विचारला.

पंचफुलाने निखाऱ्यांवरची राख झटकली. मग म्हणाली, "रोडगे."

"कसले?"

"रोडगे जी. कणकीचे गोये करतेत, गवऱ्याच्या आरावर भाजतेत. माह्या पोराले ताप होता, मंग मी नवस केला होता. त्या दिशी पाह्यटीच भाजले. अन् हे टरक घेऊन आले. म्या म्हटलं, नवसाचं हाय, मले निवद दाखवू द्या. त्यायनं मले धक्का देऊन वरते चढवलं. मंग फडक्यात बांधून घेऊन आली."

"इथे?"

"हतीच. त्या झाडाखाली." तिने मान वळवून दाखवलं, मी बसलो होतो तेच झाड. "त्यायच्या मटनाले म्या हात नाही लावला. पोराले नाही लावू देला. रोडगे खाल्ले. निवद हतीच दाखवला, पान्याले. अन् मंग त्या मानसाले मारलं. म्या पोराचे डोये झाकले."

पुढचं तिने सगळं सांगितलं. कोणी मारलं, कशाने, कोण बघत होतं. सुनावणीत हेच सांगाल का, असं बाईंनी विचारलं. तिने उलट विचारलं, "मंग माहं घर कोन सांभायीन?"

"सुनावणीच्या दिवसापर्यंत तुमचं नाव कोणाला कळणार नाही. त्या दिवशी सकाळी पोलीस संरक्षण मागते, आणि तुम्हाला नि मुलाला तिथून बाहेर काढते. जागा बघून ठेवलीय. हा माझा शब्द."

"तुमचा शब्द," पंचफुला म्हणाली, आणि मग निखाऱ्यावरचं कणीस फिरवत, "येतो मंग."

उठताना तिने बाईंच्या हातातल्या कणसाकडे बोट केलं. "खाल्लं नाही जी तुमी."

"तुमचं सांगून झालं की त्या दिवशी खाईन."

बाईंनी कणीस कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलं. स्कूटरपाशी आल्यावर मला म्हणाल्या, "हा जबाब आत्ता टाइप करायचा नाही. सुनावणीच्या दिवशी सकाळी, माझ्यासमोर. तोवर तुमच्या लघुलिपीतच राहू दे. ती तुमच्याशिवाय ऑफिसात कुणाला वाचता येत नाही ना?"

"नाही."

"मग बरं."

त्यानंतरच्या रविवारी माझ्या मेहुण्याच्या, श्रीकांतच्या, मुलाची मुंज होती. कर्वे रस्त्यावरचं कार्यालय, दोनशे पानं. मी आणि श्रीकांत शेजारी शेजारी बसलो होतो आणि समोरच्या पंगतीतले लोक म्हणू लागले, "लिमये, दातीरबाईंचं काहीतरी सांगा." मी सांगितलं. खुर्चीचं सांगितलं, मुकादमाचं नेहमीचंच सांगितलं, लोक हसले. मग मला वाटलं, याहून सरस माझ्याकडे आहे. नाव मी घेतलं नाही. गावाचं नाहीच नाही. इतकंच म्हणालो की एक बाई भेटली, बरोबर नवसाचे रोडगे घेऊन बसली होती, आणि मटणाचे टोप चढलेले असताना तिने पाण्यालाच नैवेद्य दाखवला. तिचं बोलणं तिच्याच ढंगात करून दाखवलं. एका म्हाताऱ्या बाईंनी डोळे पुसले. मला फार बरं वाटलं, हे मी लपवणार नाही.

श्रीकांतने एवढंच विचारलं, "रोडगे म्हणजे काय रे?" मी तेही समजावून सांगितलं.

श्रीकांतचा वाळू-खडीचा व्यवसाय होता. खडी तो कोणाच्या खाणीवरून घेतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या वेळी ते डोक्यात आलं नाही. त्याने वाईट हेतूने सांगितलं असंही मला वाटत नाही. त्यालाही बहुधा गोष्ट आवडली असेल आणि त्याने ती पुढे सांगितली असेल, मी सांगितली तशीच.

बुधवारी सकाळी बाईंना निरोप आला की पंचफुला कणसं विकायला दोन दिवस आलेली नाही. आम्ही वस्तीवर गेलो. त्या दिवशी अण्णांचा माणूस नव्हता. खुर्चीही नव्हती.

पंचफुलाच्या दारात एक नवीकोरी टोपली ठेवलेली होती. तिच्यात रोडगे होते. जळून कोळसा झालेले, नीट रचून ठेवलेले. बाकी काही नव्हतं. झोपडीला हात लावलेला नव्हता, भांडं हललेलं नव्हतं. शेजारची बाई दार लोटून आत गेली.

पंचफुला उंबऱ्यावर बसली होती. तिने बाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमी तं शब्द देला होता."

बाई खाली वाकल्या, टोपलीतला एक रोडगा उचलला. काळं त्यांच्या बोटांना लागलं. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि ते त्यांनी ठरवून केलं हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

"मुलगा कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कामावर नेला जी. सकायीच. अण्णाचा मानूस सोताच घ्याले आला होता, गाडी घेऊन. म्हने, तुह्या पोराची कायजी करू नको, आमी पाह्यतो त्याच्याकडे."

हे तिने अगदी सपाट आवाजात सांगितलं. बाई त्याच पावली पोलीस चौकीवर गेल्या. मुलगा खाणीवर दगड फोडताना सापडला, धडधाकट. त्याला कोणी काही केलेलं नव्हतं. करायची गरज नव्हती.

आम्ही ऑफिसला परत आलो. खोलीत शिरल्यावर बाई बेसिनपाशी हात धूत राहिल्या. मी दारात उभा. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "रोडग्यांचं तिने सांगितलंय हे दोघांनाच माहीत होतं, लिमये. तुम्हाला आणि मला." आणि टॉवेलला हात पुसून कामाला बसल्या.

मी म्हणालो, "वस्तीत कोणी बघितलं असेल. कणसाच्या गाडीपाशी." कणसाची गाडी तिथे नव्हतीच, ती जमिनीवर बसायची. बाईंनी ती चूक दुरुस्त केली नाही. असल्या चुका त्या एरवी लगेच दुरुस्त करत.

सुनावणीला पंचफुला आली. अंगावर नवी साडी होती, आणि ती तिची नव्हती हे कोणीही सांगितलं असतं. अण्णा मागच्या बाकावर हात जोडून बसले होते, देवळात बसावं तसे. बाईंनी तिला नाव विचारलं, गाव विचारलं. मग तोच प्रश्न विचारला.

"मतदानाच्या दिवशी जेवायला काय होतं?"

पंचफुलाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "घरीच होतो जी. मतदान केलं," ती म्हणाली. "नेहमीचंच होतं."

बाईंनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. पंचफुलाचा खरा जबाब माझ्या वहीत होता, पण त्यावर ना तिची सही होती ना अंगठा, आणि तिने समोर उभं राहून उलट सांगितल्यावर त्याला काही किंमत उरली नव्हती. सबळ पुरावा आढळला नाही, असा अहवाल गेला. पण बाईंनी त्याला स्वतःचं एक टिपण जोडलं. साक्षीदाराची माहिती चौकशी चालू असताना बाहेर गेली, ती चौकशी अधिकाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे, आणि त्याची जबाबदारी माझी आहे, असं त्यात होतं. ते टिपणही मीच टाइप केलं. एका ठिकाणी माझ्या हातून 'अधिकारी' ऐवजी 'कर्मचारी' पडलं. मुद्दाम की चुकून, ते आजही सांगता येत नाही. बाईंनी लाल पेन्सिलीने खोडून पुन्हा 'अधिकारी' केलं.

त्यांची बदली झाली. जिथे काही कामच नसतं अशा एका टेबलावर त्यांना बसवलं आणि निवृत्तीपर्यंत तिथेच ठेवलं. अण्णा पुढची निवडणूक जिंकले. पंचफुला आणि तिचा मुलगा त्याच महिन्यात वस्ती सोडून गेले. बाई काही वर्षं त्यांचा शोध घेत होत्या. यवतमाळच्या बाजूला पत्र पाठवलं, कोणाकोणाला विचारलं, असं मला शिपायाकडून कळायचं. सापडले नाहीत.

मी त्यांना भेटायला गेलो तो फार उशिरा. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, मीही झालो होतो. श्रीकांत त्याच सुमारास वारला, आणि दहाव्याहून परतताना मी घरी न जाता सरळ विश्रांतवाडीची बस पकडली. ठरवून गेलो होतो. बसमध्ये वाक्य जुळवत होतो.

बाई थकल्या होत्या, पण मला लगेच ओळखलं. "या. वजन वाढवलंत." मला हॉलमधल्या खुर्चीवर बसवलं. आतून आवाज आला, चहा टाकू का, तर बाई म्हणाल्या, "थांब जरा, मग सांगते." आणि त्यांनी कोपऱ्यातून ते घडीचं स्टूल काढलं, माझ्यासमोर उघडलं आणि त्यावर बसल्या. मी गुडघ्यांचं काहीतरी बोललो, तुम्ही खुर्चीत बसा म्हणालो. "असू दे," म्हणाल्या. "याची सवय आहे."

मुलीची चौकशी केली, पाण्याचा विषय निघाला, रस्ते किती वाढले ते झालं. मग अगदी शेजाऱ्याशी बोलावं तसं त्यांनी विचारलं, "लिमये, आपण धरणावर गेलो होतो ना, त्याच्या नंतरच्या रविवारी तुम्ही कुठे होतात हो?"

मी म्हणालो, "घरीच."

"अच्छा. जेवायला काय होतं?"

मला सगळं समजत होतं. त्या काय करताहेत ते, आणि मला किती सोपं करून देताहेत ते. जुळवलेली वाक्यं तोंडाशी होती. आणि माझ्या तोंडून आलं, "आता काय आठवणार बाई. नेहमीचंच."

त्यांनी मान हलवली. मुकादमाला हलवली होती तशीच, सभ्यपणे. "बरं," म्हणाल्या. स्टूलावरून उठायला त्यांना वेळ लागला. मी हात पुढे केला, पण त्यांनी भिंतीचा आधार घेतला. स्टूल मिटलं, कोपऱ्यात ठेवलं. चहा सांगितलाच नाही. दारापर्यंत आल्या, जिना जपून उतरा म्हणाल्या. खाली पोचून वर पाहिलं तर गॅलरीत उभ्या होत्या, एक हात कठड्यावर, रस्त्याकडे बघत. माझ्याकडे नव्हे, बस येते का तिकडे. आली तशी हाताने खूण केली, आली म्हणून. ते त्यांचं शेवटचं दर्शन.

त्या गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. पंचफुला असेल तर कुठे आहे हे मला ठाऊक नाही. मला तिलाही हेच सांगायचं होतं, पण प्रश्न बाईंनी विचारला होता, म्हणून उत्तर त्यांना देतो.

बाई, त्या रविवारी मी घरी नव्हतो. मुंजीला जेवलो. अळूची भाजी होती, मसालेभात होता, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, जिलबी होती. मी तिसऱ्या ओळीत भिंतीकडेला बसलो होतो, माझ्या डाव्या हाताला श्रीकांत. मसालेभातावर तूप कमी पडलं म्हणून मी वाढप्याला परत बोलावलं. जिलबीचा दुसरा आग्रह सुरू झाला तेव्हा मी पंचफुलाच्या रोडग्यांपर्यंत आलो होतो. मठ्ठा घ्यायचा राहिला, कारण मी बोलत होतो.